आयजीजी २४८ : प्रकृती नाजूक म्हणायचं की आजार?

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वय ३६, नाशिक. दुसरीच्या वर्गाला शिकवते. गेली नऊ-दहा वर्षं मी सारखी आजारी असते. अंथरूण धरून नव्हे. सर्दी होते, ती सायनसमध्ये जाते, तिथून छातीत उतरते, पाच दिवसांचा कोर्स होतो, पंधरा दिवस बरे जातात की पुन्हा पहिल्यापासून. २०१७ ला सायनसचं ऑपरेशन झालं. २०१९ ला न्यूमोनिया झाला आणि छातीच्या फोटोत डाग दिसला म्हणून थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह असूनही सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. २०२२ ला पुन्हा न्यूमोनिया. मधूनमधून जुलाब, ते निराळेच. आमच्याकडे श्रीखंडाचा किलोचा रिकामा डबा आहे, त्यात अँटिबायोटिकच्या उरलेल्या स्ट्रिपा असतात. लेक त्याला 'आईचा खाऊ' म्हणतो.

सासरी शब्द ठरलेला, 'हिची प्रकृतीच नाजूक'. माहेरी, 'शाळेतल्या पोरांचं लागतं तिला'. मलाही तेच पटलं होतं.

गेल्या महिन्यात छातीच्या एका नवीन डॉक्टरांकडे गेले. वयाने माझ्याहून लहानच असतील. त्यांनी फाइल मागून पुढे वाचली (आजवर सगळे फक्त वरचं पान बघायचे) आणि २०१६ च्या लिव्हरच्या रिपोर्टवर बोट ठेवलं. टोटल प्रोटीन ५.४, अल्ब्युमिन ४.१, ग्लोब्युलिन १.३. पुढे बारीकसा 'एल', म्हणजे लो, छापलेला. म्हणाले, "हे तेव्हाच कळायला हवं होतं."

मग तपासण्या झाल्या. अँटीबॉडीचे (जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांचे) तीन प्रकार मोजले. आयजीजी २४८ (नॉर्मल साधारण ७०० ते १६००), आयजीए २५ च्या खाली, आयजीएम १९. सीटीमध्ये ब्रॉन्किएक्टेसिस, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या रुंदावलेल्या. निदान सीव्हीआयडी, म्हणजे शरीरात पुरेशा अँटीबॉडीच तयार होत नाहीत. उपचार म्हणून दर महिन्याला आयव्हीआयजी, म्हणजे बाहेरून तयार अँटीबॉडी, सलाइनसारख्या शिरेतून, बहुधा जन्मभर. वजन ५४ किलो, म्हणजे महिन्याला २० ते २५ ग्रॅम, पाच-पाच ग्रॅमच्या चार-पाच बाटल्या.

घरात दोन तट पडलेत. इथे कुणी वर्षानुवर्षं हे घेतंय का? खरंच फरक पडतो का? आणि शाळेत सांगावं का?

---

लिंबूटिंबू

वाचून वाईट वाटलं. पण उरलेल्या स्ट्रिपा का? कोर्स पूर्ण करत नाही का तुम्ही?

---

द्राक्षवेल

अंगावर पुरळ आलं की मध्येच औषध बदलायचे, म्हणून उरायच्या. आणि हो, एक-दोनदा बरं वाटलं म्हणून माझी मीही थांबवलीत. ओरडा.

---

औदुंबर

ताई, माझ्या मते जन्मभराचं काही चालू करायच्या आधी तीन महिने गुळवेलीचा काढा आणि च्यवनप्राश घेऊन बघा. प्रतिकारशक्ती आतून वाढली पाहिजे. बाहेरून दिली की शरीर आळशी होतं. लॉकडाउनमध्ये आमच्या घरात कुणाला साधी शिंक आली नाही.

---

आवळासुपारी

औदुंबर, लॉकडाउनमध्ये तुम्ही घराबाहेरच पडला नव्हतात, तेही एक कारण असेल. :)

---

लॅबमधला बाबू

वीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे म्हणून तोंड घालतो. 'प्रतिकारशक्ती' या शब्दाने फार घोळ केलाय. कुणाला वर्षात चार सर्द्या झाल्या तरी प्रतिकारशक्ती कमी, आणि कुणाचा आयजीजी २४८ आला तरीही प्रतिकारशक्ती कमीच. एकाला उन्हाळ्यात पाणी जपून वापरावं लागतं आणि दुसऱ्याची विहीरच कोरडी आहे. दोघांनाही 'पाणी कमी' म्हटल्यासारखं झालं हे.

सीव्हीआयडीत बी पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) बहुतेकांच्या अंगात असतात, पण त्यांच्याकडून नीट अँटीबॉडी तयार होत नाहीत. काढा पाजून त्या कामाला लागत नाहीत. आणि शरीर आळशी व्हायला आधी ते काम करत असायला हवं ना?

आता त्या ग्लोब्युलिनबद्दल. लिव्हरच्या रिपोर्टमध्ये टोटल प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा केलं की ग्लोब्युलिन येतं. त्यातला मोठा वाटा अँटीबॉडीचा. वाढलं तर लोक घाबरतात, कमी आलं तर कुणी ढुंकून बघत नाही. २ च्या खाली असेल आणि पेशंटला सारखा संसर्ग होत असेल तर इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे अँटीबॉडीच) मोजायला हवेत. साध्या वजाबाकीत दिसणारी गोष्ट आहे ही.

आणखी एक. तुमच्या जुन्या फाइलमध्ये विडाल (टायफॉइडची) किंवा डेंग्यूच्या अँटीबॉडी टेस्ट निगेटिव्ह आल्या असतील तर त्यांना फारसा अर्थ नाही. ज्याच्या अंगात अँटीबॉडीच होत नाहीत त्याच्या रक्तात अँटीबॉडी शोधून काय सापडणार? अशा पेशंटमध्ये जंतूच शोधावा लागतो, कल्चर किंवा पीसीआर करून.

---

द्राक्षवेल

बाबू, विडाल चार वेळा झालीय. चारही निगेटिव्ह. एका डॉक्टरांनी 'टेन्शन घेता तुम्ही' असं सांगून झोपेची गोळी दिली होती.

---

मोरपंखी

द्राक्षवेल, तुझी पोस्ट वाचून रात्री साडेअकराला लॉगिन केलं. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, आजार एक्सएलए. त्याच्यात बी पेशी जवळपास नाहीतच. जनुक एक्स गुणसूत्रावर, त्यामुळे आजार मुलग्यांना होतो आणि तो देणारी आई, म्हणजे मी. हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली.

सहा महिन्यांचा होईपर्यंत गुटगुटीत होता. आईकडून नाळेतून आलेल्या अँटीबॉडी तेवढ्याच पुरतात. मग कान फुटणं सुरू झालं, दर महिन्याला. दोन वर्षांत तीन न्यूमोनिया. एका बालरोगतज्ज्ञांनी घशात टॉर्च मारली आणि बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं टॉन्सिल सुजलेत. ते म्हणाले, "याला टॉन्सिल दिसतच नाहीयेत." आणि पुढचाच प्रश्न, "तुमच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेलाय का?" माझा मामा पाच वर्षांचा असताना गेला. घरात तेव्हापासून 'दृष्ट लागली' असंच सांगतात.

पुढचं निदान परळला झालं. केईएमच्या आवारात तेराव्या मजल्यावर एनआयआयएच म्हणून आयसीएमआरची संस्था आहे, तिथे बी पेशी मोजल्या. तुझ्या डॉक्टरांना विचार, तिथे दाखवता येईल का.

तुझा मूळ प्रश्न, फरक पडतो का. आमच्याकडे सात वर्षं चालू आहे. आधी वर्षाला तीनदा ॲडमिट व्हायचा. नंतर एकदाच झाला, तोही सायकलवरून पडून.

---

आवळासुपारी

मोरपंखी, _/\_

---

भटका कोकण्या

थोडं अवांतर. बाहेरून अँटीबॉडी देणं ही काही नवी टूम नव्हे. दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीजवळ आंब्याच्या बागेत मला फुरसं चावलं. सरकारी दवाखान्यात दहा बाटल्या लस चढवली. आपण लस म्हणतो, पण ती घोड्याच्या रक्तातून काढलेली तयार अँटीबॉडी असते. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, तो अँटीबॉडी बनवतो, त्या आपल्याला. हाफकिनचे घोडे पिंपरीला असतात, कुणी पाहिलेत का? मला तिसऱ्या बाटलीला अंगभर खाज सुटली. डॉक्टर म्हणाले, घोड्याचं प्रथिन आहे, शरीराला परकं वाटणारच.

तेव्हापासून बायको मी भराभरा चाललो की 'हाफकिन' म्हणते.

---

लॅबमधला बाबू

हाहा. पण उदाहरण चपखल आहे. घटसर्पावर अशाच उसन्या अँटीबॉडी देण्याच्या कामाबद्दल बेरिंगला १९०१ चं वैद्यकातलं पहिलंवहिलं नोबेल मिळालं. फरक एवढाच की आयव्हीआयजी माणसांच्याच प्लाझ्मातून काढतात. एका खेपेला हजारो रक्तदात्यांचा प्लाझ्मा एकत्र करतात, म्हणून त्यात नाना जंतूंविरुद्धच्या अँटीबॉडी येतात.

याचा उगम मोठा छान आहे. १९५२ ला अमेरिकेत ब्रुटन नावाच्या लष्करी डॉक्टरकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता, पुन्हा पुन्हा न्यूमोकॉकसने रक्तात जंतुसंसर्ग व्हायचा. तेव्हा इलेक्ट्रोफोरेसिसचं यंत्र नवंच होतं. रक्तातली प्रथिनं विजेच्या प्रवाहात पळवायची, त्यांचे आलेखावर उंचवटे दिसतात. या मुलाचा शेवटचा, गॅमाचा उंचवटाच नव्हता. सपाट. ब्रुटनने त्याला दर महिन्याला गॅमा ग्लोब्युलिन टोचायला सुरुवात केली आणि संसर्ग थांबले. मोरपंखींच्या मुलाचा आजार तोच. त्याचं जनुक सापडायला मात्र १९९३ उजाडलं.

असा सपाट आलेख मी नोकरीत दोनदाच पाहिलाय. पहिल्यांदा मशीन बिघडलं असं समजून पुन्हा लावला होता.

---

मोरपंखी

हजारो रक्तदाते यावरून आठवलं. आमच्या आत्याबाईंनी पहिल्या वेळी विचारलं होतं, "कुणाकुणाचं असेल गं ते?" रोख कळला होता. मी म्हटलं, गावजेवण आहे आत्या, पंगतीत कोण कुठे बसलंय ते विचारायचं नसतं. त्यानंतर विषय निघाला नाही.

---

पाटलांची सून

मोरपंखी, जेवता जेवता हसले आणि ठसका लागला.

माझा अनुभव उलटा आहे, तोही असू द्या इथे. सिलिॲकची (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराची) तपासणी करताना माझं आयजीए शून्याच्या जवळ निघालं. (ती नेहमीची टेस्ट आयजीएवरच असते, म्हणून ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते, हे तेव्हा कळलं.) नेटवर वाचून रात्रभर रडले. डॉक्टर म्हणाले, आयजीजी नॉर्मल आहे, तुम्हाला काही होतंय का? नाही. मग घरी जा. असे खूप लोक काहीही त्रास न होता जगतात. चार वर्षं झाली, शेतात राबते, म्हशी सांभाळते, ठणठणीत आहे. तेव्हा नुसता आकडा बघून घाबरू नका कुणी.

---

सांगलीचा भडंग

सहमत, पण आकड्यामागचं कारणही शोधावं. माझ्या वडिलांचा आयजीजी असाच खाली गेला, वय ६८. तो लिम्फोमासाठी (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरसाठी) दिलेल्या रिटुक्सिमॅबचा परिणाम निघाला. ते औषध बी पेशीच मारतं. मूत्रपिंडातून प्रथिनं गळत असतील तरी हे होतं, फिटच्या काही गोळ्यांनीही होतं. द्राक्षवेल ताई, लघवीतलं प्रथिन वगैरे बघून झालंय ना?

---

द्राक्षवेल

हो, लघवी, सोनोग्राफी, सगळं झालं. दुसरं कारण सापडलं नाही.

---

औदुंबर

मी चांगल्या मनाने लिहिलं होतं. इथे आयुर्वेद म्हटलं की तुटून पडायचं अशी पद्धतच आहे.

---

वैद्य अडुळसा

औदुंबर, मी आयुर्वेदाची पदवीधर, अठरा वर्षं प्रॅक्टिस करते. तुटून पडत नाही, पण या पेशंटला मी काढा देणार नाही. माझ्याकडे असाच सतत कान वाहणारा मुलगा सुवर्णप्राशनासाठी यायचा. चार पुष्य नक्षत्रं दिलं. पाचव्याला मीच चिठ्ठी लिहून बालरोगतज्ज्ञांकडे पाठवला. चारपर्यंत थांबायला नको होतं, हे माझ्या मनाला अजून लागतं.

आणि गुळवेल सरसकट निरुपद्रवी असं आता मीही सांगत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ ला, गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाने ते खोडून काढलं, तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते असं म्हटलं. असेलही. पण बांधावरून वेल तोडून आणणाऱ्याला त्या दोन वेली ओळखता येतात का?

---

लिंबूटिंबू

मी माझा रिपोर्ट काढून बघितला. ग्लोब्युलिन २.९. ठीक आहे का हो बाबू?

---

आवळासुपारी

आता सगळा महाराष्ट्र कपाटं उपसणार.

---

मोरपंखी

द्राक्षवेल, आता कामाचं सांगते, कारण हे कुणी सांगत नाही.

बाटल्या फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीत ठेवायच्या, फ्रीझरमध्ये नाही. चढवायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवायच्या. आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्यायचं. सुरुवात अगदी हळू करायला सांग. सिस्टरना ड्युटी संपवायची घाई असते, त्या थेंबांची गती वाढवतात, आणि मग थंडी वाजून येते, डोकं ठणकतं. तसं झालं तर सलाइनचं चाक बारीक करायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं, घाबरायचं नाही. बाटलीवरचं स्टिकर वहीत चिकटवून ठेव, बॅच नंबरसाठी. माझी तिसरी वही चालू आहे.

टोचलेलं आयजीजी साधारण तीन आठवड्यांत निम्मंच उरतं, म्हणून हे दर तीन-चार आठवड्यांनी. शेवटच्या आठवड्यात माझं पोर मलूल होतं, आम्ही त्याला 'टाकी रिझर्व्हला आली' म्हणतो. पुढचा डोस द्यायच्या आधी रक्त काढून पातळी बघतात, त्यावरून डोस ठरतो.

पैशांचं सोंग आणता येत नाही. डोस वजनावर असतो. मुलाचं वजन दोन किलोने वाढलं की आजी दृष्ट काढते आणि बाबा कॅल्क्युलेटर. विमा कंपनीने जन्मजात म्हणून हात वर केले होते, दोन वर्षं भांडलो. तुझी शाळा अनुदानित असेल तर वैद्यकीय प्रतिपूर्तीचं ऑफिसात आधी विचारून घे.

आणि पोलिओचे डोस. बी पेशी नसलेल्यांना तोंडातून देण्याचा जिवंत डोस चालत नाही. तो विषाणू त्यांच्या आतड्यात महिनोन् महिने राहू शकतो. घरातल्या धाकट्यालाही तो देत नाहीत, त्याला टोचायचाच द्यायचा. पोलिओ रविवारनंतर ताई घरोघरी येतात, दारावर खडूने खूण करतात. डोस झालेल्या घरावर पी, राहिलेल्यावर एक्स. आमच्या दारावर दर वेळी एक्स, आणि दर वेळी त्या बिचाऱ्या परत येतात. एकदा तर डॉक्टरांची चिठ्ठी दाखवूनही शेजारच्या काकू जिन्यात म्हणाल्या, "शिकलेली माणसं अशी वागतात." मी लशीच्या विरोधात नाही हो! माझ्या पोराला वाचवायचं असेल तर बाकीच्या सगळ्या पोरांनी लस घेतलेली असणं माझ्याइतकं कुणाला हवं असणार?

द्राक्षवेल, तुझा लेक लहान आहे ना? डॉक्टरांना हे मुद्दाम विचार.

---

द्राक्षवेल

लेक सात वर्षांचा आहे, त्याचं झालंय सगळं. पण विचारते. मोरपंखी, हे प्रिंट काढून ठेवलंय.

---

टपरीवरचा चहा

मी दरवर्षी गणपतीत मंडळाच्या शिबिरात रक्त देतो. त्यातला प्लाझ्मा असा वापरतात हे ठाऊकच नव्हतं. आम्हाला वाटायचं बाटली थेट कुणालातरी लावतात.

---

लॅबमधला बाबू

लाल पेशी वेगळ्या, प्लेटलेट वेगळ्या, प्लाझ्मा वेगळा करतात. जास्तीचा प्लाझ्मा रक्तपेढ्या औषध कारखान्यांना देऊ शकतात. म्हणजे मोरपंखींच्या गावजेवणात तुमचंही पान असू शकतं.

---

द्राक्षवेल

तीन महिन्यांनी लिहितेय. तीन डोस झाले.

पहिला वाईट गेला. सहा तास लागले आणि दुसऱ्या दिवशी डोकं असं दुखलं की खोलीत अंधार करून पडून होते. दुसऱ्या वेळी मोरपंखीचं ऐकून सिस्टरना आधीच सांगितलं, त्यांनी गती कमी ठेवली, आठ तास लागले पण उठून चालत घरी आले. तिसऱ्या डोसाआधीची पातळी ५९०. डॉक्टरांना ७०० च्या वर हवीय, डोस थोडा वाढवणार.

मध्ये एक घोटाळा झाला, कुणाचा तरी उपयोग होईल म्हणून सांगते. दुसऱ्या कारणासाठी रक्त तपासलं तर हिपॅटायटिस बीची एक अँटीबॉडी पॉझिटिव्ह. हातपायच गळाले. नंतर कळलं, त्या माझ्या नव्हेत, बाटलीतून आलेल्या. विषाणूची वेगळी तपासणी केली, ती निगेटिव्ह. म्हणजे आधी माझ्या टेस्ट खोट्या निगेटिव्ह यायच्या, आता खोट्या पॉझिटिव्ह.

या तीन महिन्यांत एकदाच अँटिबायोटिक लागलं. खोकला आहेच, छातीचं जे बिघडलंय ते बिघडलंय, रोज सकाळी वीस मिनिटं कफ काढायचे व्यायाम करते. सासूबाई अजून 'नाजूक'च म्हणतात, पण डोसच्या दिवशी डबा त्या करतात.

शाळेचं. मुख्याध्यापक बाईंना सांगितलं. दोन दिवसांनी स्टाफरूममध्ये एकीने 'हिच्या कपातून मी चहा पीत नाही' असं म्हणून खुर्ची सरकवली. तिला म्हटलं, माझं तुला काही लागत नाही गं, तुझंच मला लागेल. पुढच्या वर्षी पाचवी मागितलीय, दुसरीची पोरं फारच गळ्यात पडतात. खरं तर तेच आवडतं, पण बघू.

---

मोरपंखी

आठ तास? पुस्तक घेऊन जात जा. आणि ती चहावाली बाई फुणफुणत आली की तूच खुर्ची सरकव.

---

सांगलीचा भडंग

छान वाटलं वाचून. बाबांचंही चालू झालंय, हिवाळा बरा गेला.

---

रानजाई

पूर्ण धागा वाचला नाही, पण गुळवेल घेऊन बघितली का?

---

औदुंबर

रानजाई, धागा वाचा. मीसुद्धा वाचला.

---

लिंबूटिंबू

बाबू, माझं राहिलं. २.९. तीन महिने झाले विचारून.

---

लॅबमधला बाबू

नॉर्मल आहे. झोपा आता.